डोनर स्पर्म घेतलं तर बाळाला आनुवंशिक आजार येण्याचा धोका किती असतो? आणि नवऱ्याची समजूत कशी घालायची? सासरचे म्हणतात, कोणाचं रक्त असेल काय माहीत.

शेवटचं वाक्य वाचलं आणि उत्तर लिहायला बसले. हेच वाक्य माझ्या थोरल्या नणंदेने आमच्या घरात, पाहुण्यांदेखत म्हटलं होतं.

आधी तुमच्या प्रश्नाचं. दाता किती धडधाकट आहे यापेक्षा दाता आणि तुम्ही ही जोडी कशी जुळते ते बघा. थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार. त्याच्या वाहकाला, म्हणजे ज्याच्यात त्याचा एकच सदोष जीन असतो त्याला, स्वतःला सहसा काहीच होत नाही, त्यामुळे तो दाता म्हणून मजेत पास होतो. पण तुम्हीही वाहक निघालात तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता 25 टक्के. मेजर म्हणजे दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवणं, तेही बहुधा जन्मभर. म्हणून आधी स्वतःची एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी रक्ततपासणी, करून घ्या.

माझं हिमोग्लोबिन कॉलेजपासून दहाच्या वर कधी गेलं नाही. बीट खा, खजूर खा, लोहाच्या गोळ्या घे, एवढंच सगळे सांगायचे. आयव्हीएफच्या वेळी क्लिनिकमधल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी सीबीसीच्या, म्हणजे साध्या रक्ततपासणीच्या, कागदावर एमसीव्हीच्या (लाल पेशींच्या आकाराच्या) आकड्याभोवती पेनाने गोल काढला आणि एचपीएलसी लिहून दिली. हिमोग्लोबिन ए2 आलं 5.3. साडेतीनपर्यंत ठीक असतं. मी वाहक.

त्याच सुमारास यांचा वीर्याचा रिपोर्ट निल आला, म्हणजे शुक्राणूच नाहीत. वाय क्रोमोसोमचा एझेडएफसी नावाचा तुकडाच नव्हता. वृषणातून शोधून शुक्राणू मिळाला असता आणि मुलगा झाला असता तर तोच दोष त्याच्याकडेही गेला असता, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तरी टेसे, म्हणजे वृषणातून शुक्राणू शोधण्याची ती शस्त्रक्रिया, केली. काही मिळालं नाही. मग डोनर.

वन्संचं म्हणणं, बाहेरचं रक्त घेतलं की रोग येतात. अहो, इथे दोन्ही दोष घरच्याच रक्तात निघाले! एक माझ्या माहेरचा, एक तुमच्या भावाचा. तेव्हा मान राखून गप्प बसले, आज लिहिते. मग त्यांनी दुसरं काढलं, “घ्यायचाच तर निदान आपल्यातला बघा.” हे तर अगदी उलटं आहे. असले दोष पिढ्यान्‌पिढ्या आपसांत लग्नं होणाऱ्या समाजांमध्ये साठत जातात. थॅलेसेमिया म्हटलं की लोक सिंधी, लोहाणा, पंजाबी अशी नावं घेतात, पण वाहक मराठी घरांतही आहेत, मी त्यातलीच. ‘आपल्यातला’ दाता शोधायचा म्हणजे माझाच दोष असलेला माणूस सापडण्याची शक्यता वाढवायची.

क्लिनिकने दात्याचा जो कागद दाखवला त्यावर उंची, वर्ण, डोळ्यांचा रंग, रक्तगट, शिक्षण असे रकाने होते. वर्णाच्या रकान्यात ‘गव्हाळ’. एचपीएलसीचा रकानाच नव्हता. 2021 च्या एआरटी (कृत्रिम गर्भधारणेच्या उपचारांबाबतच्या) कायद्याखालच्या नियमांत दात्याच्या एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस या तपासण्या सक्तीच्या आहेत. हे सगळे संसर्ग, आनुवंशिक यातलं काहीच नाही. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 2005 च्या मार्गदर्शक सूचनांत मात्र दाता थॅलेसेमियासारख्या आजारांपासून मुक्त असावा असं स्पष्ट लिहिलं होतं. मी तेवढाच मुद्दा धरून बसले. काउन्सेलर म्हणाली, मॅडम, असं कोणी मागत नाही. म्हटलं, मी मागतेय, आणि लेखी हवंय. पहिल्या दात्याचा रिपोर्ट देता येईना, तेव्हा ते सॅम्पल नको म्हणून सांगितलं. दुसऱ्याचा ए2 2.7 आला, नाव झाकलेली प्रत हातात घेतली आणि मगच पुढे गेलो. मुलगी आता शाळेत जाते. माझा दोष तिच्याकडे आला असेल-नसेल, मेजर नाही.

तुम्हीही भांडून घ्या. गोरा दाता मागायला लोक लाजत नाहीत, मग रक्ताचा रिपोर्ट मागायला कसली लाज?

धोका शून्य मात्र कोणी करू शकत नाही, हेही सांगायला हवं. डेन्मार्कच्या एका स्पर्म बँकेच्या दात्याचं प्रकरण 2025 मध्ये बाहेर आलं. तो स्वतः ठणठणीत, पण त्याच्या काही शुक्राणूंत टीपी53 या जीनचा दोष होता, ज्यात कॅन्सरचा धोका खूप वाढतो. नेहमीच्या तपासणीत तो सापडलाच नसता. आणि त्याच्यापासून युरोपात किमान 197 मुलं जन्मली होती. आपल्या कायद्यात एका दात्याचं सॅम्पल एकाच जोडप्याला द्यायचं असतं. ही अट कटकटीची वाटते खरी, पण ती मला पटते.

नवऱ्याची समजूत कशी घालायची ते विचारलंय, त्यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही. आमचे हे टेसेनंतर बरेच दिवस बोलतच नव्हते, मग एक दिवस स्वतःच फॉर्म भरायला बसले. नणंदेला, जावेला यातलं काही कळू देऊ नका, एवढं मात्र ठामपणे सांगते. आम्ही कळू दिलं आणि अजून भोगतोय.

मी डॉक्टर नाही. तुमच्या किंवा यजमानांच्या घरात दुसरा कुठला आजार असेल तर जेनेटिक काउन्सेलरला भेटा, यादी प्रत्येकाची वेगळी असते. माहेर विदर्भातलं किंवा नंदुरबारकडचं असेल तर सिकलसेल हा रक्ताचा दुसरा आनुवंशिक आजारही बघा, त्याच एचपीएलसीत कळतं.