साडेसात एकर आणि दोन हेक्टर

आपली आर्थिक आणि राजकीय व्यवस्था सामान्य माणसाला न्याय देते का, असे आपण विचारले आहे, आणि कर्जमाफी मिळत असताना शेतकऱ्याने तक्रार का करावी, अशी पुस्तीही जोडली आहे. त्या पुस्तीमुळेच मी लिहायला बसलो, कारण नागपूरला केंद्र सरकारच्या नोकरीत असलेले माझे साडू दर लग्नकार्यात मला नेमके हेच ऐकवतात.

माझ्या मते व्यवस्था न्याय देत नाही. ती सर्वांना एकच माप लावते आणि त्यालाच न्याय म्हणते.

29 फेब्रुवारी 2008 रोजी अर्थमंत्री चिदंबरम यांनी कर्जमाफी जाहीर केली, तेव्हा आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील गावात खरोखरच पेढे वाटले गेले. पुढे अट कळली: जमीन दोन हेक्टरपर्यंत, म्हणजे सुमारे पाच एकरांपर्यंत, असेल तर थकीत कर्ज पूर्ण माफ, त्याहून जास्त असेल तर 25 टक्के सूट, आमच्यासारख्या निवडक जिल्ह्यांत फार तर 25 टक्के किंवा 20,000 रुपये यांपैकी जी रक्कम मोठी असेल ती, आणि तीही उरलेले कर्ज आधी भरले तर. पाच एकर बारमाही ओलिताचा ऊस आणि पाच एकर कोरडवाहू कापूस या मापात सारखेच ठरले.

सोसायटीच्या दारावर यादी लागली त्या दिवशी मी वडिलांसोबत होतो. त्यांना बारीक अक्षर दिसत नव्हते, म्हणून गटसचिवाने ओळीखाली पट्टी धरून रकाना वाचून दाखवला: 3.04 हेक्टर. ही साडेसात एकर जमीन वडील आणि काका या दोघांची होती; पण भावाभावांत कागद कशाला, म्हणून वाटणी तोंडीच झाली होती आणि सातबारा एकट्या वडिलांच्या नावाने होता. फेरफार वेळेत झाला असता, तर दोघेही पूर्ण माफीत बसले असते. ते दोघे एकत्र राहिले, म्हणून सरकारदरबारी मोठे शेतकरी ठरले. कर्ज 60,000 रुपयांचे होते. सूट वजा जाता 40,000 भरण्यासाठी वडिलांनी बैलजोडी विकली, उरलेले काकूच्या माहेरून आणले, आणि त्या हंगामात वखरणी दुसऱ्याच्या बैलांनी झाली. वडिलांनी पट्टी धरणाऱ्याला दोष दिला नाही. मी मात्र पुष्कळ बोललो, आणि ते चुकीच्या माणसाला बोललो.

साडू म्हणतात की माफीने शेतकऱ्याची सवय बिघडते. त्यांचा महागाई भत्ता जानेवारी आणि जुलैपासून वाढतो, त्याला कोणी सवय म्हणत नाही. उलट 19 ऑगस्ट 2025 पासून कापसावरचे 11 टक्के आयातशुल्क काढले गेले, आणि आधी सप्टेंबरअखेरपर्यंत असलेली ही सवलत पुढे डिसेंबरअखेरपर्यंत लांबवली, म्हणजे सीतादही, ही कापूस वेचणीआधीची शेतातली पूजा, करून वेचणी सुरू होते तेव्हापासून अर्धा माल घरात येईपर्यंत. गिरणीला कापूस स्वस्त मिळावा हे मला समजते. ती स्वस्ताई कोणाच्या खिशातून येते, हे साडूंनी एकदा कबूल करावे. आपल्या घरातही असा कोणी असेल, तर त्याच्याशी माफीवर वाद घालू नका. त्याला सातबारा आणि पगारपत्रक शेजारी ठेवायला सांगा.

राजकीय व्यवस्थेविषयी थोडेच सांगतो. मत सर्वांचे सारखे मोजले जाते, हे खरे आहे आणि ते लहान नाही. त्याच्याच धाकाने माफी होते, बहुतेकदा निवडणुकीच्या तोंडावर.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. त्या माफीने आमच्याच गावात कित्येकांचे सातबारे कोरे झाले, आणि ती वाईटच होती असे मी म्हणणार नाही. शिवाय आमच्याकडे वेचणीला येणाऱ्या बायांसाठी त्या यादीत रकानाच नव्हता, कारण त्यांच्या नावे ना जमीन ना पीककर्ज. मागच्या हंगामात त्यांच्यापैकी एकीने किलोमागे दोन रुपये वाढवून मागितले, तेव्हा यंदा कापसाला भाव नाही, असे मीच तिला सांगितले.