शौर्याच्या नावातला ज

प्रिय मृदू,

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, आपल्यात मुलगे विक्रम, अजिंक्य, रणजित आणि मुली मात्र कोमल, स्मिता, मृदुला, असं का गं? माझ्या होणाऱ्या मुलीसाठी एखादं धाडसाचं नाव सांग ना, यानच्या जर्मन घरीही नीट म्हणता येईल असं." तू हसत म्हणालीस खरी, पण तुझं नाव मीच सुचवलेलं, त्यामुळे जरा लागलंच. फोनवर मी "बघते" एवढंच म्हटलं. आता सविस्तर लिहिते. यातलं पटेल ते घे, बाकी सोडून दे.

आधी थोडी आपली बाजू. मऊ नावं ही आपली फार जुनी रीत आहे असं समजू नकोस. ती आमच्या आणि तुमच्या पिढीची हौस. माझ्या लहानपणी घरातल्या आज्या, आत्या, मावश्या म्हणजे दुर्गा, अंबू, भवानी, भागीरथी, चंद्रभागा. निम्म्या देवी, निम्म्या नद्या. दुर्गा म्हणजे महिषासुराला मारणारी, पण "दुर्गे, दूध उतू जातंय बघ" अशी हाक कुणाला उग्र वाटत नसे. पुढे शाळेत आमच्या वर्गात सुनीता, संगीता, स्मिता आल्या आणि ती जुनी नावं एकाएकी गावंढळ ठरली. मृदुला त्याच लाटेतलं.

तरी तुझी शंका अगदी खोटी नाही. देवीचं नाव ठेवलं म्हणून मुलीनं लढावं अशी कुणाची अपेक्षा नसे. आणि लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं नवीन नाव लिहिलं की माहेरचं नाव संपायचं. 1842 मध्ये झाशीच्या गंगाधररावांशी लग्न झालं तेव्हा मणिकर्णिकेची लक्ष्मीबाई झाली. लक्ष्मी हे सुबत्तेचं नाव. त्याला आज तलवारीची धार आहे ती त्या बाईमुळे. ताराबाईंचंही तेच. राजाराम महाराज 1700 मध्ये गेल्यावर औरंगजेबाशी सात वर्षं झुंज चालू ठेवली म्हणून तारा हे नाव आपल्याला कणखर वाटतं.

मुलग्यांना तरी सगळ्यांना कुठे पराक्रमी नावं होती? ज्या घरात आधीची मुलं जगली नव्हती तिथे पुढच्याचं नाव दगडू, धोंडू, केरबा. दृष्ट लागू नये, मृत्यूनं ओवाळून टाकलेलं समजून पुढे जावं, म्हणून. तुझ्या पणजोबांचे भाऊ धोंडूकाका त्यातलेच. हेही बळाचंच नाव, फक्त जगण्यापुरतं मागितलेलं बळ. मुलींच्या वाट्याला मात्र 'नकुशी' आलं, आणि त्याचं समर्थन मी करणार नाही. 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात समारंभ करून अशा 285 मुलींना नवी नावं दिली. तोवर शाळेच्या हजेरीत त्यांना त्याच नावानं 'हजर' म्हणावं लागत होतं.

आता यानच्या घरचं. त्याच्या आजीचं नाव गेर्ट्रूड ना? जुन्या जर्मन भाषेत गेर म्हणजे भाला आणि ट्रूड म्हणजे बळ. माटिल्डा म्हणजे बळ आणि लढाई. हिल्डेगार्डमधला हिल्डे म्हणजे लढाईच. बेर्नहार्ड म्हणजे अस्वलासारखा कणखर. दोन शब्द जोडून नाव करण्याची रीत आपल्या वीरसेन, रणजितसारखीच. लॅटिनवरून आलेल्या वालेरीमध्ये बळ आहे, लेओनीमध्ये सिंहीण. थोडक्यात, तुझ्या सासरच्या बायका नावानं तरी आपल्यापेक्षा जास्त सशस्त्र आहेत.

पण एक फरक ध्यानात घे. गेर्ट्रूड म्हटल्यावर आज कुठल्याही जर्मन माणसाला भाला दिसत नाही. अर्थ झिजून गेला, आवाज तेवढा उरला. आपल्याकडे शौर्य, धैर्य, अभय हे रोजचे शब्द आहेत. शौर्य नावाचा मुलगा झुरळाला घाबरला की सगळी चाळ हसते. निर्भया हे तर सुंदर नाव होतं, पण डिसेंबर 2012 नंतर भारतात ते ऐकताना आधी दिल्लीची ती घटना आठवते, म्हणून ते मी यादीतून काढलं. तुझ्या मुलीचं मराठी नाव जर्मनीत नुसता आवाज म्हणून जगेल आणि सांगलीला गेली की अर्थ होईल. दोन्हीकडे तपासून बघ.

आवाजाची खरी अडचण आहे ज. आपल्या शौर्याच्या नावांत ज किती आहेत ते मोज: जया, विजया, अजिता, अपराजिता, तेजा, तेजस्विनी, ओजस्वी, ऊर्जा, जिजा. रोमन लिपीत आपण तिथे 'जे' लिहितो, आणि जर्मन माणूस 'जे'चा य वाचतो. जयाची याया होते, जिजाची यीया, ऊर्जाची उर्या. बालवाडीतल्या बाई दोनदा सांगितल्यावर नीट म्हणतील, पण दवाखान्यात नाव पुकारणाऱ्याला प्रत्येक वेळी कोण सांगणार? ज नीट यावा म्हणून तिथे डी-एस-सी-एच अशी चार अक्षरं लिहितात. त्यानं उच्चार जमतो, पण स्पेलिंग बघून भारतात कुणाला नाव वाचता येणार नाही. ते करू नकोस.

दुसरी अडचण व. शब्दाच्या सुरुवातीचा 'व्ही' जर्मनमध्ये पुष्कळदा फ होतो. त्यात वीरा लिहिताना आपण दोन 'ई' घालतो, आणि दोन 'ई' म्हणजे तिथे लांब ए. वीराची फेरा किंवा वेरा होईल. वेरा हे नाव तिथे आहेच, म्हणजे बाळ आयुष्यभर वेराच राहील. एकच 'आय' लिहिलास तर ई तरी नीट येतो. 'डब्ल्यू'नं सुरुवात केलीस तर व पण पक्का होतो, फक्त इंग्रजी वाचणारे मग तिला वायरा म्हणतील. महाप्राण अक्षरांतला ह तिकडे गळतो, म्हणजे धीराची डीरा. हे मला चालेल. स्वराच्या आधीचा 'एस' झसारखा घुमतो, तेव्हा समरा, साहसी वगैरे नको.

काही नावं आवाजाला सोपी, पण अर्थानं तिथे अडतात. आर्या आपल्याकडे घरोघरी आहे. जर्मनीत मात्र त्या शब्दाला नाझींचा इतिहास चिकटलेला आहे, आणि इतिहासाचा तास सुरू झाला की मुलीला आर्य म्हणजे काय ते समजावत बसावं लागेल. काली म्हणजे जर्मनमध्ये पोटॅशचं खत. उमा म्हटलं की पलीकडचा ओमा ऐकतो, म्हणजे आजी. तारा म्हणजे वजन करताना वजा करायचं रिकाम्या डब्याचं वजन, पण तारा नावाच्या मुली तिथे आहेत आणि कुणी काही म्हणत नाही.

नावाची सरकारी बाजू तू मला जास्त सांगशील, तरी लिहून ठेवते. जन्माची नोंद श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे तिथल्या नोंदणी कचेरीत, आठवड्याच्या आत द्यावी लागते आणि हॉस्पिटलचा फॉर्म त्याच्याही आधी हातात येतो. आपलं बारसं बाराव्या दिवशी. घाईनं काहीतरी लिहून टाकू नका, कारण नोंद नावाशिवाय देता येते आणि नाव महिन्याच्या आत कळवलं तरी चालतं. एकदा नोंदलेलं नाव बदलायला मात्र महत्त्वाचं कारण दाखवावं लागतं. स्पेलिंग घरातल्या चार जणांना मोठ्यानं वाचायला लावूनच पक्कं करा, कारण जन्मदाखल्यावर जे लिहाल तेच पासपोर्टवर आणि परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर येणार.

दोन नावं ठेवणार असाल तर मध्ये जोडरेघ घालू नका. रेघ घातली की ते एकच नाव होतं. रेघेशिवाय लिहिलं तर ती मोठेपणी दोन्हींतलं कुठलंही वापरू शकते, आणि 2018 च्या नोव्हेंबरपासून नावांचा क्रमही अर्ज करून बदलता येतो. आपल्यासारखं मधे वडिलांचं नाव घालायच्या फंदात पडू नकोस. तिथे ते मुलीचंच दुसरं नाव समजतात. आणि नाव मुलीचं की मुलाचं हे कळत नाही म्हणून कुणी अडवलं तर किरणची गोष्ट सांग. एका जर्मन-भारतीय जोडप्यानं मुलीचं नाव किरण ठेवलं, नोंदणीवाल्यांनी ते नाकारलं, प्रकरण कार्ल्सरूहच्या घटना न्यायालयापर्यंत गेलं आणि 5 डिसेंबर 2008 रोजी निकाल आईवडिलांच्या बाजूनं लागला. बाळाच्या हिताला धक्का बसत नसेल तर नाव अडवता येत नाही.

नावरस अक्षराचं तुझ्या आजी विचारणारच. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, अशी एकशे आठ अक्षरं. रोहिणीचा तिसरा चरण आला तर वी, स्वातीचा चौथा आला तर ता. पण आर्द्रेत ङ आहे आणि हस्तात ण, तेव्हा पंचांगवालेही त्या वेळी दुसरं अक्षर सुचवतात. आजींना अक्षराचं नाव पाळण्यात कानात सांगू दे आणि कागदावर तुमचं लिहा. अशी दोन नावं आपल्या घरात सगळ्यांची आहेत.

सासरचं एक नाव घेतलंत तर आपलं काही बुडत नाही. मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ पिराच्या कृपेनं झालेल्या मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली असं परंपरा सांगते. बाजीराव-मस्तानीचा मुलगा शमशेर बहादूर, तो 1761 मध्ये पानिपतावर लढला आणि त्याच्या नावात संस्कृतचं एक अक्षर नाही. फत्तेसिंहातला फत्ते अरबी आणि सिंह आपला. माटिल्डा तारा किंवा दुर्गा वालेरी हे त्याच जातीचं होईल, आणि मला ते कानाला वाईट वाटत नाही.

बारशाला आत्या लागते. यानची बहीण आहेच. कानात "कुर्रर्र" करायला तिला जड जाणार नाही, र तर त्यांचा घशातूनच येतो. बाळाला पाळण्यात घालण्याआधी कुंची घातलेला वरवंटा पाळण्याखालून "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" म्हणत फिरवतात. बाळ दगडासारखं दणकट व्हावं म्हणून, असं आमच्याकडे सांगायचे. वरवंटा तुमच्याकडे नसेल तर खलबत्त्यातला दगडी बत्ता चालेल. घुगऱ्यांसाठी हरभरे आदल्या रात्री भिजव, डब्यातले उकडलेले वापरलेस तर फोडणीत त्यांचा लगदा होतो.

यादी लिहिते: तारा, दुर्गा, अंबिका, धीरा, शक्ती, रुद्राणी. एकातही ज नाही आणि सगळी तिकडच्या तोंडात बसतात. रुद्राणी जरा जड आहे, अंबिकेची तिथे अंबी होईल. माझा कल दुर्गाकडे आहे, पण माझ्यासाठी म्हणून ठेवू नका. बाबांना विचारू नकोस, ते जिजा म्हणतील आणि यीयाचं काय करायचं हे त्यांच्याकडे उत्तर नाही.

तुझी
आई