सह्याद्रीत ट्रेकिंग केलंय; जूनमध्ये ग्रँड कॅन्यनला एका दिवसात किती खाली उतरता येईल?

व्हेगासहून गाडी घेऊन झायन, ब्राइस, आर्चेस आणि शेवटी ग्रँड कॅन्यन, असा तुम्हा चौघांचा बेत आहे. त्यात तुम्ही लिहिलंय, "राजगड-तोरणा झालंय, फिटनेसचा प्रश्न नाही." त्या एका वाक्यासाठी हे उत्तर लिहितोय.

गडावर आधी चढ असतो. दम लागला की माणूस अर्ध्यातून फिरतो, उतार हातचाच असतो. ग्रँड कॅन्यनला काठावरून दरीत शिरायचं, म्हणजे उतार आधी. दम लागेल तेव्हा अख्खा चढ बाकी असतो, तोही भर दुपारी, आणि खालची हवा काठापेक्षा कितीतरी तापलेली.

२०१९ च्या जूनमध्ये माझा चुलतभाऊ पुण्याहून आला होता. वीस वर्षं सह्याद्री पालथा घातलेला माणूस. ब्राइट एंजल ट्रेल (काठावरून दरीत जाणारी पायवाट) उतरायला लागलो तेव्हाच साडेआठ वाजले होते. दीड मैलावरच्या रेस्टहाउसपाशी मी म्हटलं, दादा, इथूनच फिरू. "नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड केलाय मी," म्हणाला आणि पुढे निघाला. साडेचार मैलांवरचं इंडियन गार्डन (२०२२ पासून त्याचं नाव हवासुपाई गार्डन्स) अकराच्या आत गाठलं. जवळपास ३,००० फूट उतरलो होतो आणि दोघेही ताजेतवाने.

परतताना तीन मैलांच्या रेस्टहाउसपाशी तो खाली बसला. बोटं सुजून अंगठी रुतली होती. टोपीच्या कडेला मिठाची पांढरी रेघ. विचारलं एक की उत्तर भलतंच. तिथल्या रेंजर बाईंनी पहिला प्रश्न विचारला, खाल्लंय काय? काहीच नाही. सकाळपासून पाच लिटर नुसतं पाणी. घामातून मीठ जात असताना वरून साधं पाणीच ढोसत राहिलं की रक्तातलं सोडियम उतरतं. त्यात माणूस दगावतोसुद्धा. बाईंनी पाणी थांबवलं, खारी बिस्किटं दिली, ऊन उतरेपर्यंत सावलीतून हलू दिलं नाही. वर पोचायला रात्रीचे साडेनऊ वाजले.

तर, जूनमध्ये दीड मैल खाली, दीड मैल वर. बास. पहाटे पाचला निघा. दहा ते चार उन्हात चालू नका, हे पार्कवालेही सांगतात. तळाच्या कोलोरॅडो नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी परत यायचं डोक्यातून काढा. खाली जाणारी दुसरी वाट, साउथ कायबाब, तिच्यावर पाण्याचा थेंब मिळत नाही. खारे शेंगदाणे, चिवडा जवळ ठेवा आणि दर अर्ध्या तासाला तोंडात टाका. आणि हॉटेलवरच ठरवा, "फिरू या" असं जो पहिला म्हणेल त्याचं बाकीच्यांनी ऐकायचं. तो वयाने लहान असला तरी.

बाकीच्या पार्कांचं थोडक्यात. आर्चेसमधली डेलिकेट आर्च ही दगडी कमान उजाडतानाच करा, वाटेत सावली नाही. झायनच्या नॅरोजमध्ये, म्हणजे नदीच्या अरुंद घळीत, शिरण्याआधी पुराचा अंदाज बघा. डोक्यावर निळं आभाळ असलं तरी मैलोगणती दूर पडलेला पाऊस घळीत येतो. १९९७ च्या ऑगस्टमध्ये ॲरिझोनातल्या लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये असेच ११ जण गेले.

हां, कुणाला बीपी असेल तर मिठाचं आधी डॉक्टरांना विचारा.

दादा अजून दर गणपतीत सगळ्यांना सांगतो की त्या दिवशी पाणी कमी पडलं. दादा, वाचत असशील तर सांगतो, पाणी कमी पडलं नव्हतं. वहिनींनी दिलेली चिवड्याची पिशवी तुझ्या सॅकमध्ये तशीच होती, गाठसुद्धा सुटली नव्हती. ती मी घरी आल्यावर सोडली.