नोकरी सोडून पक्ष्यांच्या मागे जाऊ का?

प्रश्न: ताई, मी 38 वर्षांचा आहे. नाशिकजवळच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करतो. हिवाळ्यातले रविवार नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघण्यात जातात. तेच पूर्णवेळ करावं असं वाटतं. यशस्वी उद्योजकांची भाषणं ऐकतो. परतीचे दोर कापल्याशिवाय मोठं काही होत नाही, असं ते सांगतात. राजीनामा लिहून ठेवलाय. घराचे हप्ते आहेत, दोन मुलं आहेत. बायको यावर काहीच बोलत नाही. माझ्यात महत्त्वाकांक्षा कमी आहे की हिंमत?

उत्तर: तुमचं मूळ पत्र बरंच मोठं होतं, इथे थोडक्यात दिलंय. त्यात नोटीस पिरियड आहे, ग्रॅच्युइटीचा हिशेब आहे, साहेब काय म्हणतील तेही आहे. पक्ष्यांबद्दल मात्र ‘तिथे मन रमतं’ एवढीच एक ओळ. मला काळजी वाटली ती इथे. राजीनाम्यानंतरच्या सोमवारी सकाळी उठून तुम्ही नेमकं काय करणार? संशोधन? पर्यटकांना पक्षी दाखवणं? शाळांमधून शिकवणं? प्रत्येकाची तयारी वेगळी आणि मिळकतही वेगळी.

दोर कापायचं म्हणता. सिंहगडावर दोर कापले ते पळ काढणाऱ्या मावळ्यांना पुन्हा लढायला उभं करण्यासाठी. तुम्ही कुठे पळताय? आणि तुमच्या दोराला बायको-मुलंही धरून आहेत.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचंच घ्या. चित्रकार व्हायचं म्हणून ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. रंग नीट ओळखता येत नाहीत हे कळल्यावर यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले आणि मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. बेळगावातलं सायकलचं दुकान सुरुवातीला भाऊ रामूअण्णा बघत होते, लक्ष्मणरावांची नोकरी चालू होती. पुढे लोखंडी नांगर केला, तर लोखंडाने जमीन नासेल म्हणून शेतकरी हात लावेनात. पहिला नांगर विकायला दोन वर्षं गेली. किर्लोस्करवाडी वसली ती 1910 मध्ये, औंधच्या राजेसाहेबांनी माळरानावर जागा दिल्यावर. भाषणात ही सगळी वर्षं एका वाक्यात उरकतात, आणि त्या काळात घर कोण चालवत होतं ते सांगायचं राहून जातं.

तुम्हाला जास्त जवळचे वाटतील ते सलीम अली. 1926 मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये त्यांना नोकरी मिळाली. पक्षिशास्त्र रीतसर शिकायला ते बर्लिनला गेले आणि 1930 मध्ये परतले, तर पैशांअभावी त्यांची जागाच रद्द झालेली. त्यांनी दोर कापला नव्हता, तो तुटला होता. पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. तिथे सुगरणींची घरटी होती. ते बघत बसले आणि लिहीत गेले. नर घरटं अर्धं विणतो, मादी येऊन पारखते, पसंत पडलं तर राहते. मग नर ते पुरं करतो आणि दुसऱ्या मादीसाठी नवं विणायला घेतो. हे सगळं त्या नोंदींतून उलगडलं. हाताशी पद नव्हतं, पगार नव्हता, पण प्रश्न होता. तुमच्या पत्रात मला तो दिसला नाही. तेहमिना पुढे त्यांच्या सुरुवातीच्या सर्वेक्षणांतही बरोबर असत. 1939 मध्ये त्या गेल्या तेव्हा सलीम अली पार कोसळले होते.

हिमतीचं विचारलंत म्हणून सांगते. जानेवारी 1909 मध्ये अर्नेस्ट शॅकल्टन दक्षिण ध्रुवापासून अवघ्या 180 किलोमीटरवर होते. त्याआधी इतक्या दक्षिणेला कुणीच पोचलं नव्हतं. पण अन्न पुरणार नाही, सोबतचे तिघे जिवानिशी जातील, हे ओळखून ते मागे फिरले. मी याला हिंमतच म्हणते.

तेव्हा राजीनामा आत्ता देऊ नका. या हिवाळ्यात एकच प्रश्न धरा. कालव्याला पाणी सोडल्यावर जलाशयाची पातळी उतरते, तेव्हा थापट्या आणि तलवार बदकं कुठे सरकतात, असा काहीतरी. तारीख, वेळ, पाणी, जात, संख्या. क्वालिटीतल्या माणसाला नोंदी चोख कशा ठेवायच्या ते मी काय सांगणार! वन विभागाच्या पक्षीगणनेत नाव द्या. तिथल्या गाइडांना विचारा, पर्यटक नसतात त्या महिन्यांत त्यांचं कसं भागतं. एवढं करूनही ओढ तशीच राहिली, तर रजा, अर्धवेळ काम, एखादा अभ्यासक्रम असे मार्ग शोधता येतील.

आता तुमच्या पत्नीबद्दल. त्या गप्प आहेत, कारण मला वाटतं, तुम्ही त्यांना विचारलेलं नाही, फक्त सांगितलंय. हप्ता किती, शाळेची फी किती, पगाराशिवाय किती महिने निघतील, हे कागदावर मांडा आणि त्यांच्यासमोर बसा. मग त्यांना बोलू द्या, मध्ये तोडू नका. त्यांचंही काही करायचं राहून गेलं असेल. ते ऐकून घेण्याआधी तुम्ही निर्णय घेतलात, तर मी तुमच्या बाजूने उभी राहणार नाही. आणि त्यांना मला स्वतंत्रपणे लिहावंसं वाटलं, तर जरूर लिहू द्या.