जंगल असलेल्या डोंगराळ पाणलोटात बर्फ वितळण्याचं मॉडेल करायचंय: अंश-दिवस पद्धत घेऊ की ऊर्जा-संतुलन (बर्फात येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या उष्णतेचा हिशेब)?

तुमच्याकडे एकाच हवामान केंद्राचं रोजचं तापमान आणि पर्जन्यमान आहे, म्हणून अंश-दिवस पद्धतीनेच सुरुवात करा. फक्त जंगल आणि मोकळी जागा यांना एकच गुणांक (दर अंशामागची वितळ) लावू नका. झाडांचा हिशेब मॉडेल कसा ठेवतं, यावर इथे सगळं ठरतं.

शून्याच्या वरच्या प्रत्येक अंशामागे दिवसाला अमुक मिलिमीटर वितळ, एवढंच अंश-दिवस पद्धत मानते. मोकळ्यावर ते बऱ्यापैकी चालतं. झाडांखाली मात्र ऊन अडतं, वारा मंदावतो आणि फांद्या स्वतःच बर्फाला उष्णता देतात. 0 अंशाचा बर्फ दर चौरस मीटरला सुमारे 315 वॅट दीर्घलहरी प्रारण (डोळ्यांना न दिसणारी उष्णता) बाहेर टाकतो. 5 अंशांवरचं दाट पर्णछत्र (झाडांच्या शेंड्यांचं छत) त्याच्याकडे सुमारे 340 वॅट पाठवतं. कोरडं, निरभ्र आकाश याच्या कितीतरी कमी देतं. म्हणून मोकळ्यावरचा बर्फ रात्री खूप थंड होतो, झाडांखालचा तेवढा होत नाही. उन्हात तापलेल्या बुंध्यांभोवती तर आधीच खळगे पडतात. हा फरक किरकोळ समजू नका: 25 वॅटची चूक दिवसभर राहिली, तर वितळीत साधारण साडेसहा मिलिमीटर पाण्याचा फरक पडतो.

फांद्यांवर अडकलेला बर्फही मोजायला हवा. त्यातला काही जमिनीवर न पडता थेट वाफ होऊन जातो. हे सोडलंत तर सुरुवातीचा साठाच जास्त धरला जातो, आणि कॅलिब्रेशनमध्ये (मॉडेल मोजलेल्या नोंदींशी जुळवताना) वितळीचा गुणांक ती चूक झाकतो. विसर्गाचा (प्रवाहातून वाहणाऱ्या पाण्याचा) आलेख छान जुळतो, पण कारणं चुकीची असतात. मला सर्वांत जास्त भीती याचीच वाटते.

ऊर्जा-संतुलनाला वारा, आर्द्रता, ऊन आणि दीर्घलहरी असं दोन्ही प्रकारचं प्रारण आणि शक्यतो तासातासाच्या नोंदी लागतात. एका केंद्रावरून हे सगळं अंदाजानेच भरावं लागेल. 33 मॉडेलांची वन आणि मोकळ्या जागांवर तुलना करणाऱ्या अभ्यासात (स्नोमिप-2, 2009) मोकळ्यावर सरस ठरलेलं मॉडेल जंगलातही सरस ठरेल असं दिसलं नाही. तरी वृक्षतोड किंवा वणव्यानंतर काय होईल हा तुमचा प्रश्न असेल, तर कष्ट घेऊन ऊर्जा-संतुलनच वापरा. जुन्या जंगलावर बसवलेला गुणांक तिथे निरुपयोगी आहे.

मधला मार्गही आहे. रेगिन हॉक यांनी 1999 मध्ये हिमनदीसाठी मांडल्याप्रमाणे अंश-दिवस सूत्रात उतार आणि दिशेनुसार येणारं संभाव्य ऊन (आकाश निरभ्र असताना येईल ते) जोडा. त्याला उंचीचा नकाशा पुरतो. जंगलात ते ऊन पर्णछत्राच्या दाटीप्रमाणे कमी करा.

पडताळणी फक्त विसर्गावर करू नका. काही स्वस्त तापमान-नोंदक जमिनीलगत ठेवा, निम्मे झाडांखाली, निम्मे मोकळ्यावर. वर जाड बर्फ असेपर्यंत दिवस-रात्रीचा चढउतार जवळजवळ थांबतो. तो परत सुरू झाला की बर्फ गेल्याची तारीख मिळते. दोन्हीकडच्या तारखांमधलं अंतर मॉडेलला जमत नसेल, तर गुणांक बदलत बसण्याआधी पर्णछत्राचा भाग तपासा.