पाकीट दहाचे, हिशोब विसाचा

भोसरीतील एका कारखान्यातून निवृत्त झालेले ५८ वर्षांचे एक गृहस्थ गेल्या हिवाळ्यात पत्नीसह माझ्याकडे आले. सिगारेट सोडलेले बहुतेक जण विचारतात तोच त्यांचा प्रश्न होता: "चार वर्षांपूर्वी सोडली, तरी फुप्फुसाचा कर्करोग होईल का?" थोरले बंधू त्याच आजाराने गेले होते. सोडल्यानंतर धोका हळूहळू उतरतो आणि ओढत राहणाऱ्याच्या तुलनेत दहा-पंधरा वर्षांत साधारण निम्म्यावर येतो, मात्र कधीच न ओढणाऱ्याइतका होत नाही, असे मी सांगितले.

त्यांनी खिशातून एक कागद काढला. अमेरिकेतील तज्ज्ञ समितीची २०२१ ची शिफारस त्यांनी उतरवून आणली होती: वय ५० ते ८०, किमान २० 'पॅक-इयर' (रोजची पाकिटे गुणिले ओढल्याची वर्षे) धूम्रपान, आणि सोडून १५ वर्षे झालेली नसल्यास दरवर्षी कमी मात्रेचा सीटी स्कॅन. रोज एक पाकीट, ३२ वर्षे, म्हणजे आपण ३२ वर, असा त्यांचा हिशोब होता. हा घोटाळा नेहमी होतो, कारण त्या मोजणीतले पाकीट २० सिगारेटींचे असते आणि आपल्या पानटपरीवरचे सहसा १० चे. त्यांचा आकडा १६ निघाला, आणि त्यांचा चेहरा खुलला.

"अहो, आवाजाचं सांगा की," पत्नी म्हणाल्या.

मग कळले, की खोकला दोन महिने आहे, आवाज महिनाभर बसलेला आहे आणि पँटी सैल झाल्या आहेत. गृहस्थांनी तो थंडीचा खोकला ठरवून मेडिकलमधून सिरप आणले होते. मीही आकडेमोडीत रमून तक्रारींविषयी आधी विचारले नाही, ही माझी चूक.

ती शिफारस कोणतीच तक्रार नसलेल्यांसाठी आहे; तीन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला, थुंकीत रक्ताची एखादी रेघ, वाढती धाप, खांद्यात किंवा छातीत न थांबणारी दुखणी, त्याच जागी पुन्हा होणारा न्यूमोनिया, यांपैकी काही असेल तर २० चा आकडा पाहायचाच नसतो. बसलेल्या आवाजाचा संबंध लोक घशाशीच लावतात, परंतु डाव्या स्वरतंतूची नस छातीत उतरून महाधमनीच्या कमानीखालून वळून वर जाते आणि तिथल्या गाठीने ती दाबली जाऊ शकते. अर्थात ही लक्षणे क्षयरोगासह इतर आजारांतही दिसतात, म्हणून थुंकीची तपासणी हवीच. मात्र एक्स-रेवरच्या केवळ सावलीवरून क्षयाची औषधे सुरू करून महिनोन्‌महिने वाट पाहण्यात आपल्याकडे मोलाचा वेळ जातो.

आठवड्याने त्यांचा फोन आला. "एक्स-रे स्वच्छ आहे, मॅडम." आवाज तसाच घोगरा होता. लहान किंवा हृदयाच्या सावलीआड लपलेली गाठ साध्या एक्स-रेत निसटू शकते, त्यामुळे छातीविकारतज्ज्ञांना दाखवायलाच हवे, असे मी सांगितले. ते गप्प राहिले. मागून पत्नींचा आवाज आला, "गुरुवारचा नंबर मी कालच लावलाय."