साडेचार वर्षांच्या मुलीला बद्धकोष्ठतेसाठी बोटॉक्सचं इंजेक्शन सांगितलंय, द्यावं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की खानापूर तालुक्यातून आहात, मुलीला चार-चार दिवस शी होत नाही, शी मऊ करायची पावडर, एनिमा सगळं करून झालं. आता डॉक्टर गुदद्वारात बोटॉक्स द्यायचं म्हणतात आणि सासूबाई म्हणतात, सुरकुत्या घालवायचं विष पोरीला कशाला? मी बेळगावात मुलांच्या सर्जरी वॉर्डात नर्स आहे, डॉक्टर नव्हे. द्या किंवा देऊ नका असं मी म्हणणार नाही. काय विचारून सही करायची ते सांगते.

सासूबाईंचं निम्मं खरं आहे. विषच ते, बोट्युलिनम नावाचं, जिवाणूपासून मिळणारं. पण सुरकुत्यांचं काम त्याच्याकडे उशिरा आलं. अमेरिकेत १९८९ साली पहिली मान्यता मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्या आवळण्याच्या त्रासासाठी. सुरकुत्यांची २००२ ची. आतड्याच्या तक्रारींसाठी मात्र ते अजून छापील मान्यतेबाहेरच, अनुभवाच्या जोरावर दिलं जातं. हे डॉक्टरांनी तुम्हाला आधी सांगायला हवं. (घरात तान्हं बाळ असेल तर वर्षाच्या आत मध चाटवू नका. मधातून त्याच जिवाणूचे बीजाणू पोटात जाऊ शकतात आणि त्यातून होणाऱ्या आजाराची सुरुवातच बरेचदा बद्धकोष्ठतेने होते.)

विषापेक्षा मोठा प्रश्न वेगळा आहे. बोटॉक्स स्नायू ढिला करतं; पण तिचा गुदद्वाराचा आतला स्नायू ढिला पडत नाही, हे कशावरून ठरवलं? बहुतेक पोरं शी धरून ठेवतात. एकदा खडा होऊन दुखलं की दाराआड जाऊन, पाय आवळून, चवड्यांवर उभी राहतात. आया म्हणतात कुंथतेय. ती खरं तर रोखत असते. अशा पोरांना पावडर पुरेशा डोसमध्ये, कित्येक महिने आणि जेवणानंतर रोज बसवणं, यानेच बहुधा गाडी रुळावर येते. दोन आठवड्यांत बंद केलेली पावडर ही पावडर दिली असं धरू नका.

मॅनोमेट्री, म्हणजे या स्नायूचा दाब मोजायची तपासणी, झाली का विचारा. गुदाशयात छोटा फुगा फुगवला की आतला स्नायू आपोआप सैल पडायला हवा. पडला नाही तर आतल्या अस्तराचा बारीक तुकडा काढून तपासतात. त्यात मज्जातंतूंच्या पेशीच नसतील तर हिर्शस्प्रुंग हा जन्मजात आजार, साधारण ५००० जन्मांत एकाला होणारा. त्याला ऑपरेशनच लागतं. ऑपरेशननंतरही अडत राहिलं तर तिथे बोटॉक्सचा उपयोग होतो. पेशी असूनही स्नायू सैल पडत नसेल, तिथेही. जन्मल्यावर पहिली काळी शी ४८ तास उलटून झाली होती का, हे आठवून सांगा.

इंजेक्शन म्हणाल तर काही मिनिटांचं काम. बाटली फ्रीजमधून येते, तळाशी औषधाचा थर जेमतेम दिसतो. सलाइन हळूच सोडायचं, खळखळवायचं नाही. लहान मुलांना थोडा वेळ भूल देतात आणि स्नायूत चार बाजूंनी बारीक सुईने टोचतात. बहुधा त्याच दिवशी घरी. गुण काही दिवसांत दिसतो, तीन ते सहा महिन्यांत ओसरतो. तेवढ्या मुदतीत न दुखता बसायची सवय लागावी, हा डाव. म्हणून शी मऊ करायची पावडर बंद करायची नाही. सुरुवातीला चड्डी खराब होऊ शकते, बालवाडीच्या दप्तरात जादा ठेवा, रागावू नका. पापण्या जड होणं, गिळायला किंवा श्वासाला त्रास क्वचितच होतो, पण झाला तर थांबू नका. पोट फुगून ताप आणि घाण वासाचे जुलाब झाले तरी तसंच, रात्र असली तरी निघा.

खर्चाचं म्हणाल तर आरोग्य कर्नाटक कार्डावर बसतं का, ते ॲडमिट व्हायच्या आधीच आरोग्यमित्राला विचारा. २०२३ मध्ये महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले योजना लागू केली. तुमचं गाव त्या यादीत असेल तर कोल्हापूरला दुसरं मत घ्यायला जाल तेव्हा तेही विचारून ठेवा.